हातफळी

आषाढ लागायच्या आधीच यंदा वारा सुटला आणि पुलाच्या मधल्या फळ्या काढल्या गेल्या. मी तेव्हा माझ्या लेकीचे, यशूचे कपडे पिशवीत भरत होते. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, खांद्यावर एक फळी घेऊन अंगणात आले. अंगावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ती गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि पुन्हा गेले. दुसरी फळी आली तेव्हा मी पिशवीची चेन लावली. तिसरी आली तेव्हा पिशवी खुंटीला अडकवून टाकली.

आमच्या वाडीला बाहेर पडायला पूल सोडला तर वाट नाही. खाली नदी इतकी खोल, की पावसाळ्यात तिचा आवाज वर येतो, पाणी दिसत नाही; नुसतं धुकं उकळत असतं. कराडला कॉलेजात मी घळईची आकृती काढली होती. दोन उभ्या रेघा आणि तळाशी निळी पेन्सिल. लग्न होऊन आले तेव्हा ती आकृती दारात उभी होती, आणि तिच्यावरून दोन तारांना टांगलेली एक वाट.

उन्हाळाभर त्या वाटेवर सलग फळ्या असतात. पण वाऱ्याच्या दिवसांत फळ्यांखाली वारा शिरतो आणि पूल पाठीवर घेतो. एका साली त्यानं पूल पाळण्यासारखा उलटवला होता म्हणतात. तेव्हापासूनची रीत अशी, की वारा सुटला की मधल्या भागातल्या फळ्या काढायच्या, ज्याच्या त्यानं आपापल्या घरी ठेवायच्या आणि नागपंचमी झाली की परत बसवायच्या. तोवर मधे उरतात नुसत्या लोखंडी पट्ट्या, लांब ढांगेच्या अंतरावर. बापेमाणसं तारेला धरून त्यांच्यावरून जातात, पाठीवर दुधाचं कॅन बांधून. बाया आणि पोरं घरी बसतात.

कोणत्या फळ्या कुणी सांभाळायच्या तेही ठरलेलं आहे. कडेच्या वरच्या आळीच्या, मधल्या आमच्या बौद्धवाड्याच्या. वाटणी वरच्या आळीच्या नानासोंनी केली; वाडीत त्यांचाच शब्द चालतो. तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, तुमी धीट माणसं, मधलं तुमीच संभाळा. मामा हे सांगताना अजून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

वाडीची शाळा यंदा बंद झाली. पोरं कमी म्हणून ती पल्याडच्या शाळेला जोडली. म्हणजे यशूनं पहिलीत जायचं तर रोज या पुलावरून. तो विचार आला की माझ्या तळहातांना घाम सुटायचा, भाकरी थापतानासुद्धा. राजरत्न, माझा नवरा, मलकापूरला एका वर्कशॉपमध्ये उसाच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करतो. त्यानं तिथं खोली घेतली, जवळच्या शाळेत यशूचं नाव घातलं. जूनमध्ये आम्ही दोघींनी जायचं हे उन्हाळ्यातच ठरलं होतं.

पण जून आला आणि सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, एकेक कारण काढायला सुरुवात केली. आधी म्हैस विणार होती. ती व्याली, तर भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा होता. तरवा झाला, तर त्यांच्या कमरेत कळ आली. पण त्याच कमरेनं शेणाची पाटी उचलताना मी त्यांना पाहिलं. मोबाईलला रेंज फक्त पुलाच्या खांबापाशी येते. राजरत्नशी बोलायला मी तिथं जायची. आत्या मागं करंजाच्या झाडाखाली थांबायच्या आणि तिथूनच ओरडून निरोप द्यायच्या, "अजून थोडं दिस ऱ्हाऊ दे म्हणावं." करंजाच्या पुढं त्या कधी आल्या नाहीत. हे माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं, पण तेव्हा मला त्यांच्या शब्दांचा राग होता. पायांकडे कोण बघतो.

फळ्या निघाल्यावर चारेक दिवसांनी मी खांबापाशी गेले असताना मलकापूरच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. सोमवारपर्यंत मुलगी आली नाही तर नाव काढून दुसऱ्या मुलाला जागा देणार होत्या. बाई बोलायला वाईट नव्हत्या. तिकडे पाऊस फार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाऊस नाही, वारा आहे. त्यांना ते पटलं नसावं.

राजरत्न न्यायला येऊ शकत नव्हता. त्याच्या पायाच्या पंजावर ट्रॉलीचा लोखंडी आस पडला होता आणि पाय प्लॅस्टरमध्ये होता.

मामा म्हणाले, नानासोंना विचारून बघू. आम्ही दोघं गेलो. नानासो पडवीत खाटेवर बसले होते, भोवती त्यांची माणसं. पडवीत जागा होती, पण वर या असं कुणी म्हटलं नाही. मामा पागोळीखाली उभे राहिले, मी त्यांच्या मागं छत्री धरून. पागोळीचं पाणी बरोबर मामांच्या टोपीवर पडत होतं. त्यांनी पाऊलभर सरकायला हवं होतं. ते सरकले नाहीत.

एका सकाळपुरत्या फळ्या बसवतो, सून पल्याड गेली की लगेच काढतो, असं मामांनी सांगितलं.

"आज तुझ्या सुनंसाठी बसवायच्या," नानासो म्हणाले, "उद्या माझ्या पावण्यासाठी. वारा काय माणूस बघून येतो व्हय रं धनाजी? आन सून तर शिकल्याली हाय. तिला कळाय पायजे."

"मग हातफळीनं नेतो."

नानासोंनी चहाची कपबशी खाली ठेवली. "हातातल्या फळीला मी कोण न्हाई म्हणणार? पर हातफळी बाळंतिणीला आसती, न्हाईतर मढ्याला. शाळंला हातफळी मी तरी ऐकली न्हाई."

त्यांचा पुतण्या पप्पू म्हणाला, आता पोरीला तिरडीवरनं पहिलीत बसवा. पडवी हसली. मामाही हसले. ते हसले म्हणून घर येईपर्यंत मी त्यांच्या पुढं पुढं चालले.

हातफळी म्हणजे तीन सुट्या फळ्या. पट्ट्यांवर एकीपुढं एक अशा तिन्ही टाकायच्या. पुढचा गडी पहिलीवर, न्यायचं माणूस मधलीवर, मागचा गडी शेवटच्या फळीवर. मागच्यानं मधलीवर यायचं, आपली फळी उचलायची, हातोहात पुढं द्यायची. पुढच्यानं ती आणखी पुढं टाकायची. मग सगळ्यांनी एकेक फळी सरकायचं. सगळा जोर मागच्या माणसाचा. त्याला दर खेपेला वाकून घळीत बघावं लागतं, आणि जी वाट तो चालून आला ती आपल्याच हातानं उचलावी लागते. मामा पुढं राहणार होते. मागं राहायला शेजारचा अर्जुना तयार झाला. रविवारी सकाळी जायचं ठरलं.

आत्यांनी त्यावर दिवसभर तोंड सोडलं. आम्ही डोईवर भारे घेऊन या घळीतून चढलो-उतरलो, आजकालच्या पोरींना फळी लागते, पाळणा लागतो. त्या चढल्या-उतरल्या हे खरंच होतं. पूल व्हायच्या आधी वाट घळीतून खाली जायची, उन्हाळ्यात नदी ओलांडून वर. दरड कोसळून ती वाट गेली आणि पूल आला.

शनिवारी संध्याकाळी यशू ओसरीवर कोळशानं चित्र काढत बसली होती. दोन रेघा, मधे एक लोंबती रेघ. आत्या शेजारी कंदिलाची काच पुसत होत्या. वाऱ्यानं लाईट कधीच गेली होती. यशूनं अलीकडच्या रेघेवर दोन बाहुल्या काढल्या, एक मोठी, एक लहान.

"ही तू, ही मी," ती म्हणाली. "आई एकटीच जाऊ दे. तुला पण भ्या वाटतंय ना पुलाचं? आपण दोघी हितंच ऱ्हाऊ. कवाच जायचं न्हाई."

मी चुलीपाशी होते. आत्यांचा हात काचेत तसाच राहिला. त्या यशूला रागावतील असं मला वाटलं, पण त्या नुसत्या त्या लहान बाहुलीकडं बघत राहिल्या. आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आमचं लग्न कडेगावला माझ्या माहेरी झालं, त्याला नवऱ्या मुलाची आई आली नव्हती. म्हैस आजारी होती म्हणे. दाढ सुजून तोंड उघडेना, तरी त्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत. मामांनी लवंग आणून दिली. बाजार मामांचा, दळण मामांचं, पल्याडच्या जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही सगळे, घरी आत्या. पूल झाल्यापासून ही बाई या काठावरून हललीच नव्हती. मामांना माहीत असणारच. त्यांनी ते बाजाराच्या पिशवीसारखं उचललं होतं, रोजच्या सवयीनं.

आत्यांनी चित्रावर पदर फिरवला. ओसरी काळी झाली.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या. स्वतः जेवल्या नाहीत.

सकाळी वारा बराच पडला होता. पाऊस बारीक. मामांनी फळ्या गोठ्यातून बाहेर काढल्या. शेणाचा वास आणि ओल घेऊन त्या जड झाल्या होत्या. आम्ही अर्जुनाची वाट पाहिली. मग मामाच त्याच्या घरी गेले. त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, ते वैरणीला गेलेत, कवा येतील सांगता येत न्हाई. आत अर्जुनाचा खोकला ऐकू येत होता. नानासोंच्या रानात त्याला सालभर काम असतं. मामा परत आले आणि फळीवर बसले.

"ऱ्हाऊ दे," मला म्हणाले. "आता पंचमीनंतर बघू."

मी यशूच्या दप्तराचा पट्टा धरून उभी होते. रडायला आलं नाही. हसू आलं नाही. फक्त असं वाटलं, की ही पिशवी खुंटीवर आणि मी या ओसरीवर, दोघी इथंच कुजणार.

आत्या गोठ्यातून आल्या. म्हशीला वैरण टाकून हात लुगड्याला पुसले, काष्टा घट्ट खोचला, आणि एक फळी उचलून खांद्यावर घेतली.

"चला," त्या म्हणाल्या. "बसलाय काय, पूजंला बसल्यागत."

मामा बघत राहिले. "लक्ष्मे, तू?"

"मग काय नानासोला बोलवू?"

करंजाच्या झाडापाशी त्यांचा पाय अडखळला. मी मागं होते, मला दिसलं. पण त्या थांबल्या नाहीत.

पुलाच्या कडेच्या फळ्यांवरून आम्ही चालत गेलो. यशूला मी आत्यांच्या जुन्या लुगड्यानं पाठीशी बांधलं होतं. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर. फळ्या संपल्या तिथं मामा थांबले, चपला काढून कमरेला खोचल्या आणि पट्ट्यांवर पहिली फळी टाकली. पट्ट्यांमधून धुकं वर येत होतं आणि त्यात मधेच एक काळी फट उघडायची, मग मिटायची. मी फक्त मामांच्या टाचांकडे बघायचं ठरवलं. भेगाळलेल्या, पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या टाचा.

पहिल्या खेपेला आत्यांनी मागची फळी उचलून माझ्या हातात दिली तेव्हा ती लोखंडावर घासली आणि सगळ्या तारा आतून वाजल्या. मी ती मामांकडे सरकवली. एक फळी पुढं. पुन्हा. आत्या प्रत्येक फळीला शिवी देत होत्या. ही नानासोच्या खाटंची. ही त्या अर्जुनाच्या वैरणीची, खोकतोय मुडदा. ही पप्प्याच्या तिरडीची, तूच जाशील तिच्यावरनं. मामा पुढं हसत होते, त्यांचे खांदे हलताना दिसायचे. माझाही श्वास जरा सैल झाला.

मग शिव्या थांबल्या.

मी हात मागं करून उभी होते आणि हातात फळी येत नव्हती. वळता येत नव्हतं, पाठीवर यशू. मान वळवून पाहिलं. आत्या माझ्या फळीच्या टोकाला उकिडव्या बसल्या होत्या. दोन्ही हात मागच्या फळीवर टेकलेले, डोळे मिटलेले. त्यांच्या मागं पट्ट्या आणि पोकळी. पूल बरोबर मधे जिथं सगळ्यात खाली लोंबतो तिथं आम्ही होतो. आमच्या घराच्या फळ्यांची जागा.

तेवढ्यात वारा आला. खालून, घळीच्या तोंडातून. पूल कुशीवर वळल्यासारखा झाला. मी तारेला मिठी मारली. यशूनं माझ्या मानेत नखं रुतवली, पण आवाज काढला नाही. पुढं जायला फळी नाही, मागं जायला वाट नाही. मामांना माझ्यावरून मागं येणं शक्य नव्हतं. मी आत्यांना हाक मारली. त्यांनी ऐकली असावी, पण त्यांचं अंग त्यांचं उरलं नव्हतं.

वारा ओसरला. मामा मागं न बघता बोलले, रोज ओसरीवरून बोलतात तसे.

"लक्ष्मे, म्हस पान्हावून बसली आसंल गं. मलाच काढाया लागंल आता."

मग मागून, दातांमधून आवाज आला. "तुमाला काढाया येतंय व्हय. निम्मं सांडून ठिवता."

"मग चल की लौकर."

लोखंडावर लाकूड घासलं. फळी माझ्या हातात आली.

पल्याडच्या सलग फळ्या लागल्या, मग काँक्रीटचा कट्टा, मग चिखल. मी यशूला सोडवलं, ती चिखलात बसून रडायला लागली आणि मी तिला रडू दिलं. आत्या खांबाला टेकून खाली बसल्या होत्या. लुगडं कमरेखाली भिजलं होतं. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता, पण वास वेगळा येत होता आणि त्यांनाही ते कळलं होतं, कारण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी पिशवीतला मोठा टॉवेल काढला आणि त्यांच्या कमरेला गुंडाळला. हवा गार आहे, असं काहीतरी मी म्हणाले.

मामा फळ्या एकावर एक रचत होते. "चल, वारा पडलाय तवर," ते म्हणाले. "दोघं असल्यावर लौकर हुतंय."

आत्यांनी पुलाकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी तो या बाजूनं पाहिला असेल. पल्याड आमचं घर धुक्यात होतं, म्हशीचं रेकणं ऐकू येत होतं.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या. उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसल्या.

मामा काही वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग तिन्ही फळ्या दोरानं पाठीला बांधल्या, तारेला हात घातला आणि एकटे पट्ट्यांवरून निघाले. मधे गेल्यावर फळ्यांचं ओझं एका बाजूला झुकलं, ते थांबले, सरळ केलं, चालू लागले. धुक्यात दिसेनासे झाले तोवर आत्या बघत होत्या. रस्त्यावर वडापची, सीटवर माणसं भरून नेणारी, जीप हॉर्न देत होती.

सोमवारी यशू शाळेत गेली.

मलकापूरची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. पाच पावलांत भिंत येते. राजरत्नचा प्लॅस्टरचा पाय, आत्यांचं अंथरूण, यशूचं दप्तर, गॅस. रात्री दार उघडायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं. बाहेर लांब गॅलरी आहे, लोखंडी कठड्याची. आत्या तिच्यात येत नाहीत. लुगडं आतच वाळवतात, आणि खोली सारखी ओली राहते. यशू गॅलरीत खेळायला गेली की मी भांडी टाकून दारात उभी राहते. शेजारणी म्हणतात, एवढं काय जपायचं. मी कठड्याच्या गजांमधली अंतरं बघत असते.

पंचमी झाली. दोन दिवसांनी मामांचा फोन आला. त्यांच्या आवाजामागं मोकळी हवा होती, त्यावरून कळलं की ते खांबापाशी उभे आहेत. फळ्या बसवल्या, म्हणाले. सलग वाट झाली, आता काही भ्यायचं नाही. म्हैस मात्र आटत चाललीय, हात लावू देत नाही. येत्या रविवारी पुलाच्या पल्याड येऊन थांबतो, तिला तेवढं जीपमध्ये बसवून दे.

आत्या भिंतीशी तांदूळ निवडत होत्या. फोनचा आवाज एवढ्याशा खोलीत सगळ्यांना ऐकू जातो. त्यांचं बोट ताटात थांबलं. त्यांनी मान वर केली नाही. टॉवेल गुंडाळला त्या दिवशी होती तशीच मान.

गॅलरीत यशू एक फरशी सोडून दुसरीवर उड्या मारत होती आणि मोठमोठ्यानं गाणं म्हणत होती. मी दार लोटून घेतलं.

"मामा," मी म्हटलं, "यशूला ताप आलाय. आत्यांशिवाय राहत नाही ती. अजून थोडे दिवस राहू द्या."

तिकडं वाऱ्याचाच आवाज येत राहिला.

"व्हय, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "ताप उतरला की कळीव गं. मी काय, हितंच हाय."